पिकातील हक्क : दहावा वाटा आणि विसावा वाटा



सातारा जिल्ह्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुका आहे. तेथे पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे जाईपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. म्हणून पश्चिमेकडे भात आणि नाचणी पिकते, तर पूर्वेकडे बाजरी, रब्बीची ज्वारी, काटक खिल्लार जनावरे आणि शेळ्या-मेंढ्यांचे कळप यांवर संसार चालतो. हाच फरक महाराष्ट्रभर दिसतो. कोकणात भात आणि आंबा, विदर्भाच्या काळ्या जमिनीत कापूस, मराठवाड्यात सोयाबीन आणि तूर, जळगावकडे केळी, आणि जेथे कालवा पोहोचला तेथे ऊस.

सूरह रअ्दमध्ये अल्लाह या दृश्याकडेच आपले लक्ष वेधतो. एकमेकींना लागून असलेल्या जमिनी, द्राक्षांचे मळे, शेते आणि खजुरीची झाडे यांना एकच पाणी मिळते, तरीही फळांत एकाला दुसऱ्यापेक्षा सरस केले आहे, आणि विचार करणाऱ्यांसाठी यात निशाण्या आहेत, असा त्या आयतीचा आशय आहे. प्रश्न असा की, या निशाणीतून आपण नेमके काय शिकायचे? माणमध्ये जन्मलेल्या शेतकऱ्याने कोणता गुन्हा केला नव्हता आणि कालव्याच्या काठी जन्मलेल्याने कोणते पुण्य केले नव्हते. मग आपल्या शेतात जे पिकते त्यातले किती खरोखर आपले?

शरीअतने या प्रश्नाचे उत्तर उपदेशावर सोडलेले नाही. तिने त्याला माप दिले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आलेल्या हदीसचा आशय असा आहे : ज्या पिकाला आकाशाने अथवा झऱ्यांनी पाणी दिले त्यात दहावा हिस्सा देय आहे, आणि ज्याला पाणी ओढून, शेंदून दिले त्यात दहाव्याचा अर्धा, म्हणजे विसावा. यालाच आपण उश्र म्हणतो. एका शेतात वर्षभरात दोन्ही प्रकारचे पाणी मिळाले, तर ज्याचा भाग अधिक त्याचा हुकूम लागतो, असे हनफी फकीह सांगतात. आणि दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर साडेसात टक्के, असे अनेक फकीहांनी म्हटले आहे.

हे माप एकटे पाहू नका. जकातीच्या इतर मापांशेजारी ठेवून पाहा. जमिनीत गाडलेला जुना खजिना सापडला तर त्यात पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के. पावसावरच्या पिकात दहा टक्के. शेंदून पाजलेल्या पिकात पाच टक्के. आणि ज्या व्यापारात माणसाला वर्षभर राबावे लागते, जोखीम घ्यावी लागते, त्यात अडीच टक्के. इब्नुल कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’ या ग्रंथात या क्रमामागची हिकमत उलगडून दाखवली आहे. माणसाचे कष्ट जसजसे वाढतात तसतसा देय हिस्सा निम्म्याने घटत जातो. उलट बाजूने वाचले तर हाच नियम सांगतो की, जे तुमच्या हाताशिवाय तुमच्याकडे आले, त्यात इतरांचा हक्क मोठा आहे.

येथे एक शंका उभी राहते. ती मला अनेकांनी विचारली आहे, आणि विचारणाऱ्यांत स्वतः नांगर धरणारेही होते. महाराष्ट्रातील पिकाखालच्या जमिनीपैकी ढोबळमानाने चार-पंचमांश जमीन कोरडवाहू आहे. मराठवाड्यातला किंवा विदर्भातला कोरडवाहू शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो, पेरणी उलटली तर दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढतो, आणि त्याच्यावर दहावा हिस्सा. ज्याच्या शेतात कालव्याचे पाणी खेळते, ज्याचा ऊस ठरलेल्या वेळी कारखान्याला जातो, त्याच्यावर मात्र विसावा. हा न्याय उलटा नाही का?

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला झटकून टाकणे योग्य नव्हे. तिच्या उत्तरातला पहिला भाग असा की, उश्र हा जमिनीवरचा कर नाही; तो प्रत्यक्ष हाती आलेल्या पिकावरचा हक्क आहे. पीक वाया गेले तर उश्रही नाही. आपल्या भाषेत ‘अस्मानी-सुलतानी’ असा जोडशब्द आहे. आकाशाने पीक हिरावले तरी सुलतान सारा सोडत नसे, हा जुना अनुभव त्या शब्दात साठलेला आहे. उश्रच्या बाबतीत अस्मानीनंतर सुलतानी येत नाही. दुसरा भाग असा की, इमाम अबू यूसुफ, इमाम मुहम्मद आणि इमाम शाफई (रह.) यांच्या मते पाच वसकांपेक्षा कमी धान्यावर काहीच देय नाही. पाच वसक म्हणजे आजच्या मापात साधारण साडेसहाशे किलो. हनफी साआच्या हिशेबाने याहून अधिक. इमाम अबू हनीफा (रह.) मात्र थोड्या उत्पन्नातही उश्र मानतात. पिकासाठी घेतलेले कर्ज वजा करावे की नाही, यावर सहाबांच्या काळापासून मतभेद आहेत. आपल्या देशातील कोणती जमीन उश्री आहे, यावरही उलमांनी विस्ताराने चर्चा केली आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आणि घाटावरील हनफी आहेत. तेव्हा आंबा-काजूचा, भाजीपाल्याचा, ज्वारीचा हिशेब आपापल्या भागातील जाणकार मुफ्तींना विचारूनच करावा. या लेखाचा रोख फतव्याकडे नाही; त्या मापामागे उभ्या असलेल्या नैतिक विचाराकडे आहे.

तो विचार हा उत्तराचा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दहावा हिस्सा शेतकऱ्याची श्रीमंती मोजत नाही. त्याच्या राशीत त्याच्या हाताबाहेरचे किती आले आहे, ते मोजतो. सूरह वाकिआमध्ये अल्लाह पेरणाऱ्याला विचारतो की, तुम्ही जे पेरता ते उगवता कोण, तुम्ही की आम्ही? आम्ही इच्छिले असते तर त्याचा भुसा केला असता आणि मग तुम्ही म्हणत बसला असता की, आम्ही कर्जात बुडालो, आम्ही वंचित राहिलो. त्या आयतीत बुडालेल्या शेतकऱ्याच्या तोंडी कर्जाचा उल्लेख यावा, हे आपल्या काळजाला भिडणारे आहे. कुरआन शेतकऱ्याची व्यथा जाणतो. आणि म्हणूनच, ज्या वर्षी पीक आले त्या वर्षी, ते येणे हा आपला हक्क नव्हता हे कबूल करण्याची एक ठरलेली रीत तो घालून देतो. दहावा हिस्सा ही ती कबुली आहे. गरीब शेतकऱ्याकडून ती मागणे म्हणजे त्याला देणाऱ्याचा सन्मान देणे आहे. आणि पीक बुडाल्यावर तोच शेतकरी घेणारा ठरला, तर त्याला संकोच वाटण्याचे कारण उरत नाही, कारण काल त्यानेही दिले होते.

आता बागायतदाराकडे वळू. त्याला अर्धी सवलत कशाबद्दल मिळाली? फकीहांनी कारण स्पष्ट सांगितले आहे : कष्ट आणि खर्च. मोट ओढणारे बैल, रहाट फिरवणारा उंट, विकत घेतलेले पाणी यांचा भार त्याच्यावर पडला म्हणून हिस्सा हलका झाला. सवलत श्रमाला मिळाली आहे. तिने पाण्याची मालकी बहाल केलेली नाही. ही गोष्ट विसरली की माणूस विसावा हिस्सा देऊन मोकळा होतो आणि समजतो की विहिरीच्या तळापर्यंत सारे आपलेच आहे.

पाण्याबाबत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण वेगळीच आहे. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मदिनेत हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात खजुरीच्या बागांना जाणाऱ्या पाटावरून वाद झाला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) आधी सुचवले की, वरच्या अंगाला असलेल्या जुबैर यांनी आपली झाडे भिजवावीत आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. दुसऱ्या एका निवाड्यात वरच्या शेतकऱ्याने घोट्याइतके पाणी अडवावे आणि पुढे सोडावे, असे माप ठरवून दिले. आपल्याकडे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, ज्यांची शेते आहेत त्यांना या निवाड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. तो समजून घेण्याची गरज मुखाशी बसलेल्यांना आहे.

विहिरीबाबतही फिकहने सीमा आखली. पडीक जमिनीत कोणी जनावरांना पाजण्यासाठी विहीर खोदली, तर तिच्याभोवती चाळीस हातांचा परिसर तिचा राखीव मानला गेला. शेताला पाणी देणाऱ्या विहिरीसाठी काही इमामांनी साठ हात सांगितले. या परिसरात दुसऱ्याने विहीर खोदू नये, कारण तिचे पाणी पहिलीच्या पोटातून येईल. हाताने खोदलेल्या विहिरीचा आवाका तेवढाच होता, म्हणून माप हातांत होते. आज विंधन विहीर शेकडो फूट खाली जाते आणि विजेचा पंप रात्रंदिवस चालतो. तिची ओढ साठ हातांवर थांबत नाही. आपल्या बोअरला पाणी लागले त्याच उन्हाळ्यात शेजारच्या विधवेची विहीर आटली, तर सातबारा आपल्या नावाचा आहे एवढे सांगून भागेल का? नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यातही नुकसान करू नये, या प्रेषितवचनाच्या आशयावर फकीहांनी कितीतरी नियम उभारले आहेत. माप बदलले तरी त्यामागचे कारण बदललेले नाही.

हे आपल्या राज्यात घडून गेलेले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महाराष्ट्रात पिकाखालील क्षेत्राचा अगदी लहान भाग व्यापणारा ऊस ओलिताच्या पाण्याचा फार मोठा भाग घेतो. उजनीसारखी धरणे बांधताना कितीतरी गावे पाण्याखाली गेली. कालव्याचा खर्च, ज्यांच्या शेताला त्याचा थेंबही मिळाला नाही त्यांनी भरलेल्या करांतूनही झाला. तेव्हा कालव्याच्या काठी बसून, हे सारे माझ्या मेहनतीचे, असे म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. उसाची शेती हराम आहे असे मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्याला हिश्शात सवलत मिळाली त्याच्यावर शेजाऱ्याच्या तहानेची जबाबदारी अधिक येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

असे वागता येते, याचा दाखला आपल्या मातीत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून ‘पाणी पंचायत’ सुरू केली. तिचे नियम असे होते : पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येनुसार द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली आणि दरवर्षी गावातल्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवण्याची पद्धत घातली. या गावांनी ही वाट आपल्या विवेकाने शोधली. ज्यांच्याकडे पाण्यातील भागीदारीची हदीस चौदा शतके आहे, त्यांनी तर अशा कामात पुढच्या रांगेत असायला हवे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतील रूमा नावाची विहीर स्वतःच्या पैशाने विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली होती, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ते सांगताना आपल्या पंपाच्या खोलीला कुलूप असेल, तर मुले काय शिकतील?

जनावरांच्या बाबतीतही शरीअतने हेच माप वापरले आहे. शेळ्या-मेंढ्या चाळीस झाल्या की एक, गाई-म्हशी तीस झाल्या की एक वर्षाचे वासरू, उंट पाच झाले की एक शेळी, अशी जकात आहे. पण बहुसंख्य फकीहांच्या मते ती, वर्षाचा बहुतेक काळ खुल्या रानात चरणाऱ्या जनावरांवर. ज्यांना मालक कडबा आणि पेंड विकत आणून दावणीला खाऊ घालतो त्यांच्यावर ती नाही. नांगराला जुंपलेल्या बैलांवरही नाही. व्यापारासाठी घेतलेल्या जनावरांचा हिशेब व्यापारी मालासारखा होतो. चराऊ कळपाचा चारा कोणी पेरला नव्हता. म्हणून त्यात इतरांचा हक्क ठरला. येथेही तोच धागा आहे.

आणि येथेही सामायिक गोष्टीची राखण हा त्याचा दुसरा भाग आहे. देशावरचे धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळते, कळपाला चारा मिळतो आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. शेती आणि पशुपालन, ओला मुलूख आणि कोरडा मुलूख अशा व्यवहारावर एकमेकांना धरून राहिले. धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी कोरड्या माळावर झाडपाला खाऊन दोन-दोन करडे देते, ती गरिबाची ठेव मानली जाते. पण तिला चरायला गायरान उरले पाहिजे. गावचे गायरान हळूहळू नांगरून आपल्या बांधात घेणारा माणूस कोणा एकाचे घर लुटत नाही, म्हणून त्याला पाप लागल्यासारखे वाटत नाही. चाऱ्यातील भागीदारीची हदीस त्याच्यासाठीच आहे.

राशीतून इतरांचा वाटा काढण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. खळ्यावर बलुतेदार येत, धान्य घरी जाण्यापूर्वी त्यांचे माप निघे. अनेक गावांत त्यांत मुलाणीही असे. बलुते हा कामाचा मोबदला होता. उश्र मोबदला नाही. ज्याने आपले काहीच काम केले नाही त्याचाही तो हक्क आहे. सूरह अन्आममध्ये हा हक्क कापणीच्या दिवशीच देण्याचा आणि उधळपट्टी न करण्याचा आदेश आहे. दिवसाचा उल्लेख अर्थपूर्ण आहे. धान्य कणगीत पडले, पट्टीची रक्कम खात्यात जमा झाली, की तिच्यावर आपल्या गरजांची नावे लिहिली जातात. सूरह कलममधील बागमालकांनी गरिबांना चुकवण्यासाठी भल्या पहाटे फळे तोडण्याची शपथ घेतली होती. त्यांनी कोणाचे काही चोरले नव्हते; केवळ वेळ अशी निवडली की मागणारा समोर येऊ नये. बाग रात्रीतच उद्ध्वस्त झाली.

शहरात राहणाऱ्या वाचकांनी हा विषय आपला नाही असे समजू नये. आपल्या ताटातली भाकरी कुठल्यातरी कोरडवाहू रानातून आली आहे आणि बकरी ईदचा बोकड कुठल्यातरी माळावर चरला आहे. दुष्काळात चारा नाही म्हणून शेतकरी जनावर मातीमोल विकतो, तेव्हा त्या अडचणीतून स्वस्त सौदा साधणे आणि त्याला योग्य भाव देणे, यांत मोठा फरक आहे. शिवाय प्रत्येकाच्या जीवनात काही पाऊस असतो : शिकलेले आईवडील, निरोगी शरीर, योग्य वेळी मिळालेली नोकरी. ते आपण शेंदून आणलेले नाही. अडीच टक्के जकात कायद्याने पुरेशी आहे. पण आपल्यावर किती पाऊस पडला, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा आणि त्या प्रमाणात हात मोकळा करावा.

कोणी मुसलमान झाड लावतो किंवा पेरणी करतो आणि त्यातून पक्षी, माणूस वा जनावर खाते, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. पेरणाऱ्याने पाखरांना बोलावले नव्हते, तरी पुण्य त्याचे. अल्लाह न मागता देतो, आणि न कळत दिलेलेही लिहून घेतो. मग जाणूनबुजून, मोजून, वेळेवर दिलेल्या वाट्याची कदर त्याच्या दरबारी किती असेल!

या हंगामात ज्यांच्या घरी रास आली आहे त्यांनी पोती शिवण्यापूर्वी आपला दहावा किंवा विसावा वाटा मोजून बाजूला काढावा. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी शेजाऱ्याच्या विहिरीत एकदा डोकावून पाहावे. आणि ज्यांचे पीक हातचे गेले, त्यांनी मन खचू देऊ नये; इतरांच्या राशीत त्यांचा हक्क अल्लाहने लिहून ठेवला आहे. तो त्यांच्या दारापर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या शेतांवर रहमतीचा पाऊस पाडो, आपल्या जनावरांत आणि धान्यात बरकत देवो, आणि ज्याचा जो हक्क आहे तो त्याला पोहोचवण्याची तौफीक आपणांस देवो. आमीन.